परळची वाट आणि शक्तीचे इंजेक्शन



या पानाकडे येणाऱ्या पत्रांत गेले काही महिने एक प्रश्न पुन्हा पुन्हा दिसतो. ‘आमच्या घरात कर्करोगाचा रोगी आहे. जंतूंपासून केलेले, अंगातली प्रतिकारशक्ती वाढवणारे औषध निघाले आहे असे ऐकतो. ते कोठे मिळेल?’ कोणी त्याला शक्तीचे इंजेक्शन म्हणतात, कोणी गोळी म्हणतात. एका भगिनीने तर शेजाऱ्याने आणून दिलेल्या डब्याचे वेष्टनच पाकिटात घालून पाठवले.

नुसते ‘नाही’ म्हणून हात झटकता आले असते. पण ते खरे झाले नसते. जंतूंपासून केलेले औषध आहे, ते कर्करोगावर चालते, मुंबईत आणि इतरत्रही रोज दिले जाते. आणि तरीही त्या डब्यात ते नाही. हे कसे, ते आज जरा सविस्तर सांगतो. त्यासाठी आधी आमच्या घरातली गोष्ट सांगावी लागेल.

आमचे थोरले चुलते, आम्ही त्यांना आबा म्हणत असू. माणूस कष्टाळू, पण विडीचे बंडल कमरेला कायमचे. एका हंगामात ऊसतोड चालू असताना त्यांची लघवी लाल झाली. दुखत काहीच नव्हते. काकू म्हणाल्या, उष्णता झाली. धण्या-जिऱ्याचे पाणी झाले, सब्जा झाला, आणि चौथ्या दिवशी लाली आपोआप गेली. घरात सगळ्यांना बरे वाटले. दोन महिन्यांनी पुन्हा तेच. तेव्हा कोणी मूतखडा म्हणाले, काढा दिला, आणि पुन्हा लाली गेली. असे करीत आठ महिने गेले. मध्यंतरी बाजारच्या गावचा एक गृहस्थ घरी येऊन प्रतिकारशक्तीच्या पुडीचे तीन डबे देऊन गेला. ‘चांगले जंतू’ आहेत म्हणाला. त्या डब्यांपायी एक गाभण गाय विकली गेली.

शेवटी आबांना घेऊन मी परळला गेलो. दुर्बिणीची तपासणी झाली. मूत्राशयात गाठ होती. मी तिथल्या डॉक्टरबाईंना विचारले, ‘बाई, ते जंतूंचे शक्तीचे इंजेक्शन आहे म्हणतात, ते आबांना देता येणार नाही का?’ मला वाटले, त्या हसतील. त्या हसल्या नाहीत. त्यांनी कागदावर एक गोल काढला, त्याला आतून एक रेघ दिली, आणि म्हणाल्या, ‘ही मूत्राशयाची भिंत समजा. आतला गिलावा आणि मागच्या विटा. रोग गिलाव्यात असेल तर तुम्ही म्हणता ते औषध उत्तम चालते. पलीकडच्या खाटेवरचे काका त्यासाठीच आले आहेत. तुमच्या आबांच्या विटांत रोग शिरला आहे. आता त्या औषधाचा उपयोग नाही.’

पलीकडच्या खाटेवरचे काका कोकणातले होते, आबांच्याच वयाचे, तेही विडीवाले. त्यांची लघवी एकदाच लाल झाली आणि त्यांच्या सुनेने आठवड्याच्या आत त्यांना तालुक्याला नेले होते. दोघांच्या रोगात फरक एवढाच.

परळ भागाचे जंतूंशी नाते जुने आहे. १८९६ साली मुंबईत प्लेग आला, तेव्हा डॉ. हाफकिन यांनी प्लेगचेच जंतू मारून त्यांची लस केली, आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती आधी स्वतःला टोचून घेतली. पुढे १८९९ मध्ये त्यांची प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नरच्या बंगल्यात आली. तीच आजची हाफकिन संस्था. तिथून थोड्याच अंतरावर २८ फेब्रुवारी १९४१ रोजी टाटा रुग्णालय सुरू झाले. रोगाच्या जंतूने रोग हटवायचा, ही कल्पना त्या परिसराला नवीन नव्हती. पण प्लेगच्या जंतूने प्लेग टळावा हे समजते. जंतूने कर्करोग कसा हटेल? कर्करोग काही जंतूसारखा बाहेरून अंगात शिरत नाही. आपल्याच शरीरातल्या पेशी ताळ सोडून वाढू लागतात.

याचे पहिले सूत्र न्यूयॉर्कच्या एका शस्त्रवैद्याच्या हाती लागले. त्यांचे नाव विल्यम कोली. त्यांची एक तरुण रोगी हाडाच्या कर्करोगाने गेली. ते मनाला इतके लागले की त्यांनी रुग्णालयाची जुनी दप्तरे चाळायला घेतली. त्यात एक नोंद सापडली. मानेवर मोठी गाठ असलेला एक माणूस, शस्त्रक्रिया करूनही गाठ पुन्हा येत होती. त्यातच त्याला धावरे झाले. धावरे म्हणजे कातडी लालबुंद होऊन ताप भरतो ते दुखणे. ताप उतरला आणि गाठही विरली! कोलींनी त्या माणसाला शहरभर शोधून काढले, तर सात वर्षांनंतर तो ठणठणीत होता. मग १८९१ मध्ये त्यांनी धावऱ्याचे जिवंत जंतू कर्करोगाच्या रोग्यांना मुद्दाम टोचायला सुरुवात केली. त्यात धोका फार, म्हणून पुढे मेलेल्या जंतूंचे मिश्रण वापरले. काहींच्या गाठी विरल्या, पुष्कळांच्या नाही. कोणाला लागू पडेल हे आधी सांगता येईना. तेवढ्यात क्ष-किरणांचे उपचार आले आणि कोलींचे औषध मागे पडले.

आपण ज्याची वाट पाहतो आहोत ते औषध मात्र गोठ्यातून आले, हे तुम्हाला ऐकून गंमत वाटेल. फ्रान्समधल्या लील गावी काल्मेत नावाचे डॉक्टर आणि गेरँ नावाचे गुरांचे डॉक्टर असे दोघे एकत्र काम करीत. गाईंना होणाऱ्या क्षयाचा जंतू त्यांनी घेतला आणि बैलाचे पित्त व ग्लिसरीन घातलेल्या बटाट्याच्या कापांवर तो वाढवला. थोड्या थोड्या दिवसांनी नव्या कापावर घ्यायचा, पुन्हा वाढवायचा. १९०८ ते १९२१, अशी तेरा वर्षे, दोनशे तीस वेळा. आपण विरजणातून विरजण लावतो तसेच म्हणा. एवढे केल्यावर जंतू जिवंत राहिला, पण त्याची नांगी गेली. त्याचेच नाव बी.सी.जी. आपल्या देशात १९४८ पासून ती लस टोचायला सुरुवात झाली. तुमच्या-आमच्या दंडावर जो वाटोळा वण असतो, तो याच लसीचा. (त्या वणामुळे कर्करोग टळतो असे मात्र समजू नका. ती लहानपणी क्षयासाठी दिलेली असते.)

आधी पॅरिसमध्ये आणि मग अनेक देशांत ही लस रक्ताच्या, कातडीच्या आणि इतर कर्करोगांवर वापरून पाहिली गेली. खूप गाजावाजा झाला, आणि बहुतेक ठिकाणी तो विरला. एका जागी ती टिकली. कॅनडातील किंग्स्टन येथील डॉ. मोरालेस यांनी १९७६ मध्ये नऊ रोग्यांचा अनुभव छापला. मूत्राशयातील वरवरची गाठ दुर्बिणीतून खरवडून काढल्यावर त्यांनी बी.सी.जी.चे पाणी नळीने सरळ मूत्राशयात सोडले. आठवड्यातून एकदा, असे सहा आठवडे. गाठी परत येण्याचे प्रमाण एकदम घटले. सहाच आठवडे का, याचे कारण ऐका. त्यांना मिळालेल्या लसीच्या पेटीत सहा कुप्या होत्या! पुढे जगभर अभ्यास झाले, आणि सुरुवातीचे सहा डोस आजही कायम आहेत.

आता या एकाच जागी का, बाकी ठिकाणी का नाही? हे तुम्हाला शहरातल्या माणसापेक्षा लवकर कळेल, कारण तुम्ही रायझोबियमचे पाकीट वापरता. हरभऱ्याच्या बियाण्याला हरभऱ्याचे संवर्धन चोळले तर मुळांवर गाठी येतात आणि पीक हवेतला नत्र घेते. तेच पाकीट ज्वारीला चोळले तर ज्वारीच्या मुळांवर तशा गाठी यायच्या नाहीत. जिवाणू चांगला आहे, पाकीट ताजे आहे, तुमची मेहनतही खरी आहे, पण जागा चुकली. बी.सी.जी.चेही तसेच. मूत्राशय ही एक बंद पिशवी. तिथे औषध दोन तास कोंडून ठेवता येते. जंतू आतल्या अस्तराला चिकटतो, अस्तर सुजते, आणि रक्तातल्या राखणदार पेशी धावत येतात. एवढे दिवस गुपचूप वाढणाऱ्या कर्करोगाच्या पेशी त्या गडबडीत त्यांच्या नजरेला पडतात आणि मारल्या जातात. रोगाला थेट मारणारा जंतू नव्हे, आपलीच राखण आहे. जंतूने फक्त आरोळी ठोकली. पण ती आरोळी जवळच्या शेतापुरतीच ऐकू जाते. विटांत खोल गेलेल्या, फुप्फुसात वा यकृतात पसरलेल्या रोगापर्यंत ती पोचत नाही.

आणि हे पाकीटही रायझोबियमसारखेच जिवंत आहे. थंडीत ठेवावे लागते, तारीख पाहावी लागते, उन्हात तापले की कामातून गेले. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटकडून या कामासाठी वेगळी कुपी येते. बाळाच्या लसीपेक्षा तिच्यात जंतू शेकडो पटींनी जास्त असतात. तेव्हा प्राथमिक आरोग्य केंद्रातली बाळाची लस ‘तीच तर आहे’ म्हणून कोणी टोचू लागला तर हात धरा.

घरात कोणाला हा उपचार सांगितला असेल तर काय होते ते सांगतो, म्हणजे भीती राहणार नाही. गाठ खरवडल्यावर जखम भरायला निदान दोन आठवडे थांबतात. लघवीतून रक्त जात असेल किंवा लघवीत पू असेल तर डोस पुढे ढकलतात, कारण उघड्या जखमेतून जंतू रक्तात जाऊ शकतो. डोसाच्या आधी काही तास पाणी कमी प्यायचे. नळी घालून औषध सोडतात, नळी काढतात, दोन तास लघवी रोखायची. नंतर सहा तास लघवी बसूनच करायची, म्हणजे शिंतोडे उडत नाहीत, आणि शौचकुपात प्रत्येक वेळी ब्लीचिंग टाकून पंधरा मिनिटे थांबून पाणी ओतायचे. आपल्या ग्रामपंचायतीत विहिरीला टाकायची टीसीएल पावडर असते ती हीच. किती घालायची ते रुग्णालयात सांगतील. त्या सहा तासांत बांधावर, ओढ्याकाठी बसणे नको. पती-पत्नींनी पाळायचे पथ्यही डॉक्टरांना न लाजता विचारून घ्यावे.

एक-दोन दिवस लघवीला जळजळ, अंगात कणकण, थोडा ताप, हे होतेच. राखण जागी झाल्याची ती खूण. पण ताप जोराचा चढला, थंडी वाजून आला, किंवा दोन दिवसांनी उतरला नाही, तर मात्र गावात ‘मलेरिया असेल’ म्हणून गोळी घेत बसू नये. जिवंत जंतू अंगात पसरल्याची ती शंका असते, आणि मग क्षयावरची औषधे द्यावी लागतात. गावच्या डॉक्टरांना पहिले वाक्य हेच सांगा, की मूत्राशयात बी.सी.जी. सोडले आहे. ज्याला आत्ता क्षय आहे, किंवा ज्याची प्रतिकारशक्ती दुसऱ्या आजाराने वा औषधाने खालावली आहे, त्याला हा उपचार देत नाहीत. सहा डोस झाल्यावर काम संपत नाही. तीन महिन्यांनी दुर्बीण, मग रोगाप्रमाणे वर्ष ते तीन वर्षे अधूनमधून आणखी डोस. सहाव्या डोसानंतर लघवी स्वच्छ झाली म्हणून पुन्हा न फिरकणारे पुष्कळ असतात. अशांचा रोग परत आला तर तो उशिरा कळतो, आणि तेव्हा तो विटांत गेलेला असू शकतो.

आता ते डबे. ‘चांगले जंतू’, ‘आतड्यातले मित्रजंतू’ अशा नावाने पुड्या आणि गोळ्या मिळतात. त्यांनी गाठ विरते असे कोठेही सिद्ध झालेले नाही. उलट केमोथेरपी चालू असताना पांढऱ्या पेशी खाली येतात, आणि अशा वेळी जिवंत जंतूंची पुडीदेखील क्वचित रक्तात जंतू पसरवू शकते. म्हणून ती डॉक्टरांना दाखवल्याशिवाय घेऊ नये. घरच्या दह्या-ताकाचेही त्या दिवसांत विचारूनच घ्यावे. आपण दुभत्याची माणसे, हे ऐकायला जड जाते, पण न तापवलेले दूध तर त्या दिवसांत नकोच. ज्या पैशात डबा येतो त्यात अंडी, डाळ, शेंगदाणे येतात. केमोथेरपीच्या रोग्याचे वजन टिकणे ही फार मोठी गोष्ट आहे.

परळच्याच आणखी एका जंतूची हकीकत इथे सांगितल्याशिवाय राहवत नाही. १९५२ साली तिथे भारतीय कर्करोग संशोधन केंद्र सुरू झाले. डॉ. वसंत रामजी खानोलकर त्याचे पहिले संचालक. त्यांचा कुष्ठरोगाचाही गाढा अभ्यास होता. त्यांच्याबरोबर डॉ. बापट आणि पुण्यात जन्मलेल्या डॉ. कमल रणदिवे यांनी कुष्ठरोग्याच्या शरीरातून मिळालेला एक जंतू प्रयोगशाळेत वाढवून दाखवला. ते १९५८ साली छापून आले. संस्थेच्या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून त्याला आय.सी.आर.सी. जंतू म्हणतात. १९७९ मध्ये तिथल्याच डॉ. माधव देव यांनी तो जंतू मारून त्याची कुष्ठरोगावर लस केली, आणि दक्षिण भारतातील मोठ्या चाचणीत तिने ६५.५ टक्के संरक्षण दिल्याचे १९९८ साली प्रसिद्ध झाले. त्याच चाचणीत नुसत्या बी.सी.जी.चे संरक्षण ३४.१ टक्के होते. म्हणजे पाहा, कर्करोगाच्या लोकांच्या हातून औषध निघाले ते कुष्ठरोगाचे, आणि क्षयाच्या लसीने काम केले ते मूत्राशयाच्या कर्करोगावर. डॉ. रणदिवेंना १९८२ मध्ये पद्मभूषण मिळाले. आपल्या मुलींना त्यांचे नाव सांगा.

प्रतिकारशक्तीचे खरे इंजेक्शन म्हणून हल्ली जे दिले जाते त्यात जंतू नसतो. कर्करोगाच्या पेशी राखणदार पेशींना एक प्रकारचा लगाम घालतात, तो लगाम ही औषधे काढून घेतात. ती फार महाग. म्हणून टाटा रुग्णालयाच्या डॉक्टरांनी तोंड-घशाच्या, बऱ्या न होण्याइतक्या वाढलेल्या कर्करोगात निव्होलुमॅब या औषधाचा अगदी लहान डोस, दर तीन आठवड्यांनी २० मिलिग्रॅम, इतर स्वस्त गोळ्यांबरोबर देऊन पाहिला. २०२२ साली निष्कर्ष आले. नुसत्या गोळ्यांवर वर्षभरानंतर शंभरांत सुमारे सोळा रोगी हयात होते, इंजेक्शनसह सुमारे त्रेचाळीस. हा रोग बरा झाल्याचा आकडा नव्हे, आयुष्य वाढल्याचा आहे. पण तंबाखू-मिश्रीने तोंडाचा कर्करोग ज्या घरात आला आहे त्यांनी हे नाव डॉक्टरांना विचारायला हरकत नाही.

आबांचे सांगायचे राहिले. त्यांचे मूत्राशय काढावे लागले. पोटावर पिशवी लावून ते चार वर्षे जगले, शेतावर जात, बैलांवर ओरडत. विडी सुटली, पण फार उशिरा. मूत्राशयाच्या कर्करोगाचे सर्वांत मोठे कारण धूर हेच आहे, हे त्यांना परळला पहिल्यांदा कळले. आणि मलाही. काकूंना तो सब्जा शेवटपर्यंत टोचत राहिला. मी पुष्कळ समजावले, की ती लाली आपोआप जाते, हीच तिची फसवणूक आहे. न दुखता लघवी लाल झाली, एकदाच झाली आणि थांबली, तरी लघवीची तपासणी आणि सोनोग्राफी करून घ्यावी. बहुतेकांत ते मूतखडा वा साधा संसर्ग निघेल. निघू दे. बायकांनी मासिक पाळीचे समजून सोडून देऊ नये. पाळी गेलेल्या बाईची लघवी लाल झाली तर मुळीच नको.

परळला जायचेच ठरले तर गाडीने दादरला उतरावे. तिथून टाटा रुग्णालय जवळ आहे. जुने सगळे कागद, सोनोग्राफी, आणि कोठे तुकडा काढून तपासला असेल तर त्याच्या काचा आणि मेणाचा ठोकळा, म्हणजे स्लाइड आणि ब्लॉक, मागून घेऊन जावे. नाहीतर तुकडा पुन्हा काढावा लागतो. रेशनकार्ड आणि आधार बरोबर ठेवावे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आपला उपचार बसतो का ते तिथल्या समाजसेवा विभागात विचारावे. पहिल्या दिवशी पहाटे पोचावे, आणि रोग्याबरोबर लिहिता-वाचता येणारे एक माणूस असावे. राहण्यासाठी दादरला संत गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा आहे, परळला नाना पालकर स्मृती समितीचे रुग्णसेवा सदन आहे. दोन्हीकडे गर्दी असते, तेव्हा रुग्णालयाचा कागद दाखवून आधी नाव नोंदवावे. ज्यांना मुंबई दूर पडते त्यांना बार्शीचे नर्गिस दत्त रुग्णालय, छत्रपती संभाजीनगरचे शासकीय कर्करोग रुग्णालय आणि नागपूरचे राष्ट्रसंत तुकडोजी रुग्णालय आहे. दर आठवड्याला डोससाठी जायचे असेल तर जवळचे ठिकाण बरे. परळच्या डॉक्टरांकडून उपचाराचा कागद लिहून घ्यावा आणि जवळच्या ठिकाणी डोस मिळतील का ते विचारावे.

डब्याचे वेष्टन पाठवणाऱ्या भगिनीला वेगळे पत्र टाकले आहे. तिच्या सासऱ्यांची लघवी दोनदा लाल झाली आहे, असे तिने पत्राच्या अगदी शेवटी, जाता जाता लिहिले होते.